पाटलांचे बूट आणि माझी तंग मोहरी

"शिंपीबुवा, याच्यावर काय घालू ते सांगा," म्हणत सुखदेव पाटलांनी काळे बूट माझ्या बेतलेल्या कापडावरच ठेवले. घोट्याच्या वर येणारे, नाडी बांधायचे, चकचकीत चामड्याचे. अकोल्याच्या माझ्या दुकानात तोवर कोणी पायातलं काही आणलं नव्हतं. मी गोंधळलो तो तिथूनच.

अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला भाव चढला होता. हिवरखेडच्या या पाटलांनी अमरावतीच्या बाजारात बूट घेतले, पण हौस म्हणून नाही. मागच्या खेपेला इंग्रज साहेबाच्या कचेरीच्या दारात शिपायानं त्यांना जोडे काढायला लावले, तेही व्याह्यांच्या देखत. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. आता कापसाच्या बाजाराबद्दल बोलायला साहेबानं सगळ्या पाटलांना बोलावलं होतं. व्याहीही येणार होते.

"विलायती बूट असला का काहाडा लागत नाही म्हन्तात," पाटील म्हणाले. "पन तो शिपायाले दिसला पायजे."

नियम नक्की काय, हे मी दोघातिघांना विचारलं. प्रत्येकानं वेगळंच सांगितलं.

आधी धोतरावर बूट घालून पाहिले. सोगा टाचेखाली आला आणि पाटील माझ्या अंगावर. मग सैल लेंगा दिला, तर बूट त्यात गडप. मोहरी, म्हणजे पायाशी असतो तो कापडाचा घेर, मी वर घेतली. पाटील नाल्यातून चालल्यासारखे दिसायला लागले.

"हे काय करून राहिले तुमी?"

"मलेच समजून नाही राहिलं, पाटील."

शेवटी मोहरी अगदी तंग केली. इतकी, की तिच्यातून पाऊलही जाईना. म्हणून शिवण खाली उघडी ठेवली. आधी बूट चढवायचे आणि मग बुटांच्या गळ्याभोवती मोहरी टाके घालून बंद करायची. वर पांढरा अंगरखा आणि लाल पागोटं. बूट झकास दिसत होते. टाके वाटेत सुटले तर म्हणून मी सुई, कात्री घेऊन सोबत गेलो.

कचेरीच्या दारातल्या शिपायानं बूट पाहून मान डोलावली. व्याही जोडे काढून अनवाणी उभे होते. पाटलांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"बूट राहू द्या," शिपाई म्हणाला. "पागोटं काहाडा."

"काहून?"

"साहेब लोक आत जाताना टोपी काहाडतात. बूट ठेवले तर डोकं उघडं. पागोटं ठेवलं तर पाय उघडे. दोनातलं एक."

आमच्याकडे घरात मयत झालं तरच माणूस उघड्या डोक्यानं चारचौघांत येतो. पाटलांनी पागोट्याला हात लावला आणि तो तसाच खाली आणला. मग पायरीवर बसून पाय माझ्यापुढे केले.

"उसवा."

माझेच टाके मी कापू लागलो. मला रडू येईल की काय असं वाटत होतं. एवढ्यात व्याही खाली बसले आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागले.

"पागोटं नाही काहाडलं, बरं केलं," ते म्हणाले.

दोघे अनवाणीच आत गेले. बाहेर आले ते एकमेकांना धरून हसत.

"काय झालं, पाटील?"

"साहेबच उन्हापायी बूट काहाडून बसला होता, शिंपीबुवा. टेबलाखाली पान्याचं घमेलं, अन् त्यात पाय."

तेव्हापासून कोणी बूट घेऊन आलं की मी माप नंतर घेतो. आधी विचारतो, जायचं कुठे आहे. आणि मोहरी सैलच ठेवतो.