हळद लागलेलं ड्रिल

झेंडूच्या फुलांत मशीनच्या कूलंटचा तेलकट वास मिसळला, की आजही मी मशीनच्या दारापासून दोन पावलं मागे सरतो. सोलापुरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मिलिंग मशीन चालवायचो. खंडेनवमीला मालकांनी मशीनमधल्या नंबर दिलेल्या घरांतली ड्रिल, कटर अशी सगळी टूलं काढून, पुसून, हळदकुंकू वाहून पूजली आणि स्वतःच्या हातानं परत बसवली. दसरा झाल्यावर मी नेहमीसारखं मशीन सुरू केलं. टूल वेगानं खाली आलं आणि थांबायच्या जागी थांबलंच नाही. धाडकन आवाज झाला, आणि तुटलेल्या ड्रिलचा तुकडा मशीनच्या दाराच्या काचेत, अगदी माझ्या डोळ्यांसमोर रुतला. मालक धावत आले. "टूलं परत त्याच घरात बसवली होती ना?" मी कसंबसं विचारलं. "उंचीपरमाणं लावली की! लई शोभत होती," म्हणता म्हणता त्यांचाच चेहरा पांढराफटक पडला. मशीनला टूल दिसत नाही. मशीन फक्त घराचा नंबर बघतं आणि त्या नंबरला आपण भरलेली लांबी खरी धरून खाली येतं. आखूड कटरच्या घरात लांब ड्रिल बसलं होतं. आता माझं स्वतःचं मशीन आहे, पण हळदकुंकू मी टूलं न काढता त्याच्या बंद दारालाच वाहतो. काचेतल्या त्या तुकड्यावरची हळद जराही पुसली गेली नव्हती.