मला म्हण

मधुकरराव ढोके धरमपेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवत. नागपूरकरांच्या तोंडातलं 'मले-तुले' काढून तिथे 'मला-तुला' बसवायचं काम देवाने आपल्यावरच सोपवलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती. सुरुवात त्यांनी गावाकडून लग्न होऊन आलेल्या बायकोपासून, प्रेमिलेपासून केली. तिने 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की ते तिथल्या तिथे टोकत. सात वर्षांत बाईंचं मराठी शुद्ध झालं, म्हणजे बाईंनी बोलणंच जवळपास सोडलं. मधुकरराव त्याला प्रगती म्हणत.

अशा माणसाच्या घरी गोपिका जन्मली आणि साडेचार वर्षांची झाली तरी बोलेना. चौऱ्याहत्तर साली डॉक्टर म्हणाले, "मुलगी बहिरी नाही, वेडी तर नाहीच. याला ऑटिझम म्हणतात. तिला बोलणं शिकवावं लागेल, धीराने." मधुकररावांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि पुढचे चार दिवस त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्यात घालवले.

मग एक दिवस गोपिका बोलली. प्रताप नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत शेजारचे रुपराव पेपर वाचत बसले होते. त्यांचं मनगट धरून ती म्हणाली, "तुला पाणी हवं का?"

"नाई बेटा, आताच चहा पेलो," रुपराव म्हणाले. "मास्तर, मानलं तुमाले. एवढीशी पोरगी पाव्हण्याले पानी इचारून राहिली."

कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. मधुकररावांची छाती फुगली. महिनाभर येईल त्या पाहुण्यासमोर त्यांनी हा प्रयोग लावला. पाहुणे नको म्हणत, कौतुक करत, आणि गोपिका स्वतःचं मनगट चावत रडत सुटे. "तापट आहे, आजोबांवर गेलीय," मधुकरराव सांगत.

प्रेमिलेच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. पोरगी पाहुण्याला ओढत नेते ती माठाकडेच. पाणी देताना आपण तिला रोज जे विचारतो, तेच ती म्हणते. तिच्या लेखी ते पाणी मागणंच आहे. म्हणजे पोरगी तहानलेली होती आणि घर तिचे संस्कार वाखाणत होतं.

प्रेमिलेने विचारणं बंद केलं. गोपिका माठापाशी आली की तिचाच हात तिच्या छातीवर ठेवून, तिच्या वतीने आईच म्हणे, "मले पानी दे," आणि गिलास देई. दिवसातून दहादा, पंधरादा. असे अडीच महिने गेले. शेवटी एका दुपारी पोरीने आपणहून छातीवर हात ठेवला. "मले."

मधुकरराव खाटेवरून ताडकन उठले. प्रेमिलेच्या हातातला गिलास काढून घेत म्हणाले, "मला. मला म्हण."

गोपिका गिलासाकडे पाहत राहिली. "मला म्हण," ती म्हणाली.

"नुसतं मला."

"नुसतं मला म्हण."

पुढे पंधरा दिवस ती माठापाशी उभी राहून 'मला म्हण, मला म्हण' एवढंच घोकत राहिली. प्रेमिला पाणी देई, पण छातीवरचा हात गेला तो गेलाच. मग प्रेमिला सात वर्षांचं एकदम बोलली.

"पोरीले पानी पायजे होतं, तुमचं व्याकरण नाई. माह्या तोंडातलं काढून घेतलं, मी काई बोलली नाई. तिच्या तोंडातलं परत द्या."

एवढ्या बोलण्यात एरवी मास्तरांना आठ-दहा अशुद्ध रूपं सापडली असती. त्यांनी एकही मोजलं नाही. त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून घरात वर्ग भरू लागला. मास्तरीण प्रेमिला, विद्यार्थी मधुकरराव. छातीवर हात ठेवून ते माठासमोर उभे राहिले. "मला..." प्रेमिलेने गिलास मागे घेतला. त्यांनी घसा साफ केला. "मले पानी दे." मिळालं. शाळेतून आल्यावर रोज हाच धडा, तहान असो नसो. गोपिका कोपऱ्यातून बघत असे.

विसाव्या दिवशी ती मध्येच घुसली. हात छातीवर. "मले."

मधुकररावांनी गिलास भरून दिला. तिने तो संपवला. "मले." दुसरा अर्धाच प्यायली. तिसरा तिने सरळ जमिनीवर ओतला आणि रिकामा गिलास पुढे केला. "मले." तहान केव्हाच भागली होती. शब्द चालतो की नाही, हे ती तपासून पाहत होती.

पाणी पायांखालून वाहत होतं. माठ रिकामा होईपर्यंत मधुकरराव भरत राहिले.