आप्पांचं मीटर आणि आमची चिंगी

मांजरवाल्या मंडळींनो, आज डोकं बधिर झालंय. जरा मदत करा.

आमच्या चिंगीला डायबेटीस आहे. माझी चाकणला फर्स्ट शिफ्ट, लाइनवर मोबाइल चालत नाही, म्हणून तिचं इन्सुलिन माझे सासरे, आप्पा, बघतात. त्यांनाही शुगर आहे. त्यांच्याच मीटरवर ते तिच्या कानातला रक्ताचा थेंब तपासतात.

कालपासून आकडा कमी येत होता म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलंच नाही. आज घरी आले तर चिंगी पाण्याच्या भांड्याशी आडवी पडलेली. तशीच उचलून आप्पांसोबत चिंचवडला डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांच्या मीटरवर शुगर भलतीच वाढलेली.

"अहो, पण मी मीटर तपासून घेतलं होतं," आप्पा म्हणाले. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या क्वालिटी विभागात गेली. मोजायचं गेज आधी तपासल्याशिवाय जॉब, म्हणजे तयार झालेला पार्ट, मोजायचा नाही, ही सवय. म्हणून आधी स्वतःचं बोट टोचून आकडा लॅबच्या रिपोर्टशी ताडून पाहिला होता त्यांनी.

डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्यासाठी ते बरोबरच आहे. मांजरीचं रक्त वेगळं, त्यात ते बरेचदा कमी दाखवतं. प्राण्यांचं मीटर घ्या. आणि मला विचारल्याशिवाय डोस चुकवू नका."

चिंगी अजून तिथेच ॲडमिट आहे.

घरी मांजरीसाठी कुणी कुठलं मीटर वापरतंय? छोट्या थेंबावर चालणारं, स्ट्रिप इकडे सहज मिळणारं हवंय.

आणि आप्पांनी आज स्वतःची शुगर मोजलीच नाही. "ते मशीन माझ्यासमोर आणू नकोस," म्हणाले. त्यांना काय सांगू?