चालत्या ट्रॅक्टरवरचा चहा

आमच्या मामांनी मान वर करून पाहिल्याशिवाय उजनीच्या पाण्यावरून लष्कराचं एकही हेलिकॉप्टर आजवर पुढं गेलेलं नाही, असं मामा स्वतः मानतात आणि त्यांच्यासमोर दुसरं काही मानायची कुणाची टाप नाही. हे मामा माझ्या बायकोचे. भिगवणच्या पुढं धरणाचा फुगवटा उसाच्या बांधाला येऊन टेकतो, तिथं त्यांची वस्ती. पाण्याच्या कडेकडेनं ही हेलिकॉप्टरं अधूनमधून जातात. बाकीचं गाव क्षणभर वर बघतं आणि कामाला लागतं. मामा मात्र हातातलं काम, तोंडातला घास आणि समोरचा पाहुणा जसा असेल तसा टाकून अंगणात धावतात, कपाळावर आडवा हात धरतात आणि निकाल देतात, "जड चाललंय. पोटात जवान हायेत." तरुणपणी भरतीला गेले तेव्हा त्यांची छाती जराशी कमी भरली होती. ती कसर ते असं आभाळाकडं बघून भरून काढत असावेत.

माझ्या साखरपुड्यात मला कुंकू लावायचा मान मामांचा होता. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि नेमका तेव्हाच पाण्याकडून आवाज आला. मामा ते लाल बोट तसंच उभं धरून बाहेर गेले. परतले ते त्याच तंद्रीत. माझ्या शेजारी बसलेल्या चुलतभावाला त्यांनी टिळा लावला, त्याच्या हातात नारळ दिला आणि गहिवरून म्हणाले, "पोरीला संभाळा." भावानं पोरगी मला दिली, पण नारळ घरी नेला.

पुढं एकदा त्यांच्या मुलानं मोबाईलवर त्यांना एक चित्रफीत दाखवली. मोठं विमान मागं लांबलचक नळी सोडतं, नळीच्या टोकाला टोपलीसारखं काहीतरी असतं, आणि मागून येणारं हेलिकॉप्टर त्या टोपलीत आपली सोंड खुपसून उडता उडता पोटभर तेल पितं. मामांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. जेवायचेही विसरले. "म्हंजे खाली उतरायचंच न्हाय," ते पुटपुटले, आणि त्या दिवसापासून कामात थांबणं हा त्यांना कमीपणा वाटू लागला.

याचा ताप झाला मामींना. मामा ट्रॅक्टरनं सरी पाडत असले की दुपारचा चहा घेऊन मामी बांधावर यायच्या. आता मामा उतरेनात. "तू इमान, मी हेलिकॉप्टर," त्यांनी समजावलं. मामी म्हणाल्या, "चला, एवढ्या वर्सांत मला मोठं तरी म्हणालात." पहिल्या दिवशी त्यांनी कपबशी पुढं केली. कप ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेला, बशी सरीत पडली आणि चहा मामांच्या धोतरावर. मामा चिडले नाहीत. सैन्यातही सुरुवातीला असंच होत असणार, असं ते म्हणाले. मग मामींनीच डोकं चालवलं. आंबे उतरवायचा झेला घेतला, लांब काठीला जाळी लावलेला, त्या जाळीत चहाची बाटली ठेवली, आणि ट्रॅक्टरच्या बाजूनं लगबगीनं चालत झेला वर धरला. मामांनी बाटली अलगद उचलली. तेवढ्या चार पावलांत मामी घरचा सगळा कारभारही उरकून घ्यायच्या. गॅस संपलाय, लेकीचा फोन आला हुता, कुत्रीला पिल्लं झाली. मामा चहा पीत "व्हय, व्हय" करत पुढं जायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. आम्ही नवराबायको समोरासमोर बसून चहा घेतो आणि दोघंही मोबाईलमध्ये असतो.

एकदा तर झेला वर असतानाच डोक्यावरून खरं हेलिकॉप्टर अगदी कमी उंचीवरून गेलं. उघड्या दारात बसलेल्या जवानानं खाली पाहिलं आणि अंगठा दाखवला. तो कुणाला दाखवला, यावर घरात पुढचा पावसाळाभर वाद चालला. मामा म्हणायचे, ट्रॅक्टर सरळ ठेवला म्हणून मला. मामी एवढंच विचारायच्या, "झेला कुणाच्या हातात हुता?"

मामींचे गुडघे दुखत होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. मामा एवढे रंगलेत, तर कशाला सांगायचं, असं त्यांचं मत. गेल्या वर्षी बाटली वर देता देता त्या बांधावर पडल्या. मामांनी ट्रॅक्टर थांबवला नाही, चालत्या ट्रॅक्टरवरूनच उडी टाकली. ट्रॅक्टर एकटाच शेजाऱ्याच्या उसात शिरला आणि पाटात रुतून बंद पडला. मामींना उचलून वस्तीवर आणेपर्यंत मामांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता काठी घेऊन सावकाश चालायचं, पळापळ बंद. सुनेनं झेला धरायची तयारी दाखवली. मामा म्हणाले, "नगं. तुला तुझी कामं हायेत." आणि दुपारचा चहाच सोडला. म्हातारा कोमेजत चालल्याचं सून फोनवर सांगायची.

परवा मी मुक्कामाला गेलो होतो. दुपारी मामा सरी पाडत होते. मामी काठी टेकत टेकत बांधापर्यंत आल्या आणि बाभळीखाली बसल्या. पिशवीतून किटली काढली, कपबशी काढली. हाक मारली नाही. ट्रॅक्टर जवळ आला, बांधापुढून थोडा गेला आणि थांबला. मामांनी किल्ली फिरवली. सगळीकडं एकदम शांत झालं. ते सावकाश उतरले, धोतर झटकलं आणि मामींच्या शेजारी मातीत बसले.

"थांबलात व्हय?" मामी म्हणाल्या.

"तेल संपलं," मामा म्हणाले. ट्रॅक्टरची टाकी सकाळीच मी त्यांच्याबरोबर भरली होती.

मामींनी बशीत चहा ओतून दिला. मामांनी फुंकर घातली. तेवढ्यात पाण्याकडून तो ओळखीचा आवाज आला. पाण्यावरचे पक्षी उठले, मी मान वर केली, मामींनीही केली.

"अवो, तुमचं आलं बगा."

"जाऊ दे," मामा बशीत बघत म्हणाले. "चहा गार हुईल. कुत्रीच्या पिल्लांचं काय झालं, ते सांग."