वेगाचा खोटा काटा

तापीकाठच्या तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एका सकाळी आमचं विमान आभाळातून खाली पाडण्याचा कट एका माशीने रचला होता. माशी अद्याप फरार आहे. तिचे साथीदार दोन: एक हँगरचा मेकॅनिक आणि दुसरा मी.

मी पोरांना विमान चालवायला शिकवतो. लोणखेड्याजवळच्या आमच्या गावापासून तासाभरावर धावपट्टी आहे. तिथे दोन सीटची विमानं आहेत, बाहेरून खेळण्यासारखी आणि आतून रिक्षासारखी. इतकी वर्षं जगातल्या पोरांना वर नेलं, पण आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, एकदाही नेलं नाही. त्यांची एकच मागणी होती, आपलं वावर वरून एकदा बघायचं. मी म्हणायचो, "कापणी होऊ द्या आबा." मग म्हणायचो, "पावसाळा जाऊ द्या." मग काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. तेव्हा कुठे मला घाई सुचली.

आता माशीकडे वळतो. आमच्याकडे कुंभारणीचं घर कोणी मोडत नाही. भिंतीवर मातीचं घर बांधणारी ती बारीक कंबरेची माशी घरात आली, की पाळणा हलणार म्हणतात. मेकॅनिकच्या सुनेला सातवा महिना होता आणि हँगरच्या भिंतीवर कुंभारणीची तीन घरं होती. मी एकदा म्हटलं, "अरे, हे हँगर शे का बाळंतिणीनी खोली?"

तो हात जोडून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना साहेब. दोन महिनाना तर सवाल शे. मंग मीच काढी टाकसू."

वरचे साहेब आले असते तर मी चौथं घरही छातीचा कोट करून राखलं असतं. मीही त्याच मातीतला.

पंखाखाली एक बारीक नळी असते. तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून विमानाचा वेग कळतो. नळीला टोपी असते, ती उडण्याआधी काढायची. मी काढली. आणि मग आबा म्हणाले, "थांब, तोंड धुई येस." तोंड धुतलं, धोतर सारखं केलं, पांढरी टोपी दोनदा झटकली, मेकॅनिकला सुनेची तब्येत विचारली. पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात चौथ्या घराचा पाया नळीच्या तोंडात पडला होता.

धावपट्टीवर विमान पळतं तेव्हा वेगाच्या काट्याकडे बघायचं असतं. काटा हलला नाही तर जागीच थांबायचं. हे वाक्य मी शेकडो पोरांकडून घोकून घेतलंय. त्या दिवशी मी आबांना एका हाताने धावपट्टी दाखवत होतो, दुसऱ्या हाताने विमान उडवत होतो आणि तोंडाने आबा महाराज सिंहासनावर बसल्याची घोषणा करत होतो. काट्याकडे बघितलंच नाही.

वर गेल्यावर बघितलं, तर काटा फार पुढे होता. नळी बुजली की काटा उंचीबरोबर खोटाच वाढतो; जितके चढू तितका वेग वाढलेला. वेग कमी करायला मी नाक थोडं वर केलं. काटा आणखी पुढे. आणखी वर केलं. तोच हातातला दांडा मऊ पडला आणि भोंगा केकाटला. वेग कमी पडून विमान निसटायच्या बेतात आलं की तो भोंगा वाजतो. काटा सांगतोय फार जोरात चाललोय आणि विमान सांगतंय पडतोय. मी विमानाचं ऐकलं. नाक खाली दाबलं.

"काय वाजनं रे?" आबांनी विचारलं.

"काई नई आबा. हॉर्न शे."

"आभायमा कोणले हॉर्न देस तू?"

मी हसलो. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. काट्यावर हात धरून मी तो झाकला, जणू आबांना तो वाचता येणार होता. ते आपले ऐटीत म्हणाले, "मन्हा ट्रॅक्टरना एक बी काटा चालत नई. आवाजवर हाकस मी."

मीही तेच करत होतो. इंजिनाचा आवाज, क्षितिजाची रेघ आणि बुडाखालची सीट, एवढ्यावर. उजवीकडे सातपुडा धूसर दिसत होता, डावीकडे तापी चमकत होती. आमचं वावर गोमाई नदीपलीकडे, आणखी पाच-सात मिनिटांवर होतं. तिथवर जायची हिंमत माझ्यात नव्हती. विमान वळवलं.

पण आबांना काय सांगणार? मी नटासारखा खाली हात केला. "ते देखा आबा! आपलं वावर!"

ती कुणाची तरी केळीची बाग होती.

आबा खिडकीला टेकले. मग म्हणाले, "दिसनं रे. बेस दिसनं."

उतरताना काटा शून्यावर जाऊन बसला. चाकं नीट टेकली. नळीत मेकॅनिकने टाचणी घातली, तेव्हा ओली माती निघाली. तो कितीतरी वेळ ती तळहातावर धरून उभा होता. मी नळीवर टोपी चढवली.

दुसरी फेरी झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आबांना दार आणि भिंत यातला फरक हाताने कळायला लागला. लोकांना मी म्हणायचो, बरं झालं, एकदा तरी दाखवलं. आणि म्हणताना कुणाचीतरी केळी डोळ्यांसमोर यायची.

आज आठवते ती त्या उड्डाणाच्याच संध्याकाळची ओसरी. आई आबांना चहा देत होती. तिला सगळं ऐकायचं होतं. "काहो, आपली पपई कशी दिसनी वरथून? विहीर दिसनी का?"

आबा बशीत फुंकर घालत बसले. मी लगेच पुढे सरसावलो, "अगं माय, विहीर तर अशी दिसे जशी..."

"तू उगा ऱ्हाय," आई म्हणाली. "मी त्यास्ले इचारी ऱ्हायनू."

आबांनी बशी खाली ठेवली.

"माले काय इचारस वं? खाले तर समदं धुकंच व्हतं. पोऱ्यानं घामेजेल तोंड तेवढं जवळ व्हतं, तेच देखी लिधं!"