रबराची टाळू

माझ्या वरच्या जबड्यात डावीकडे गाठ झाली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती काढली, आणि तिच्याबरोबर डावीकडचे दात आणि अर्धी टाळूही काढली. जीव वाचला. बाकी पाणी प्यायलो की ते नाकातून परत यायचं, आणि बोललो की 'प'चा 'म' व्हायचा. वडिलांना मी आप्पा म्हणायचो, ते आता 'आम्मा' ऐकू येई. शहापुरात आमच्या गल्लीत निम्मी घरं कानडी. त्यांना वाटे, एवढा बाप्या माणूस अजून आईला हाका मारतो. आप्पा मात्र निमूटपणे 'ओ' द्यायचे.

पण खरा घोळ बोलण्याचा नव्हता, धोट्याचा होता. मागावर आडवा धागा धोट्यातून जातो; त्यातली धाग्याची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा भोकातून बाहेर येतो. आमच्याकडे हे कुणीही करतं. मला जमेना. टाळूलाच भोक असल्यावर धोट्याच्या भोकातून वारा कशाला येईल? तो नाकातून यायचा. तारेनं ओढून पाहिलं, तर रेशीम तुटायचं.

मग आप्पा माझ्या मागाजवळ बसू लागले. त्यांना दमा होता. दर कांडीला ते धागा ओढून देत आणि पुढची कांडी येईपर्यंत खोकत. एका लुगड्याला कांड्या किती लागतात, ते विणकराला विचारावं. मी म्हणालो, माग चुलतभावाला देऊ या, मी आपला कांड्या भरत बसतो. माझं सगळं बोलणं त्यांना कळलं असेल असं नाही, पण एवढं कळलं.

"माझ्या छातीत वारा हाय तंवर हा माग कुणाला जायाचा न्हाय," ते म्हणाले.

त्या वाऱ्याची घरघर शेजारच्या घरात ऐकू जात होती. मला त्यांचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. एक दिवस हा माणूस माझ्या धोट्यावरच जीव सोडणार, असं मी धरून चाललो होतो.

आठ महिन्यांनी जखम पुरती भरली. कॅम्पात गोऱ्या सोजिरांचे दात बघणारे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तोंडात ऊन मेण घालून माप घेतलं आणि कडक, तांबूस रबराची टाळू केली. दात तिलाच बसवलेले, आणि वरचा उंचवटा बरोबर भोकात जायचा. ती घालून त्यांनी मला पाणी प्यायला दिलं. नाकातून आलं नाही. डॉक्टर खूश झाले. "आता काही तरी बोला," म्हणाले.

मी पिशवीतून धोटा काढला. सोजिरांचे दात बघणाऱ्या माणसाला कशाचं नवल वाटत नसावं. मी ओढलं. तोंडात कुठं तरी बारीक शिट्टी वाजली आणि धागा जागचा हलला नाही. मग कडेला थोडी भर घाल, थोडं घास, असे माझे तीन हेलपाटे झाले. चौथ्या खेपेला धागा जिभेवर आला. रेशमाला चव नसते, पण मला त्या दिवशी ते गोड लागलं.

घरी आलो तर आप्पा कांडी घेऊन मागाजवळ बसलेलेच. मी कांडी धोट्यात घातली आणि ओढलं. धागा आला.

"आप्पा," मी म्हणालो.

ते वळून दाराकडे बघू लागले. दारात कुणी नव्हतं.

"आप्पा, तुमालाच."

ते माझ्याकडे वळले. "पुन्यांदा," म्हणाले. म्हातारा खात्री करून घेतोय, असं समजून मी ओढलेला धागा उपसून टाकला आणि धोट्याला पुन्हा ओठ लावले.

"धागा न्हवं रं," ते म्हणाले. "हाक मार."