बंद तोंडाचं माप

भांडण झालं तेव्हा ती दाराआड प्लास्टर लागलेल्या वाट्या खरवडत होती. आत तिचा नवरा आणि धाकटा दीर. नवरा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत आणि हा मागच्या खोलीत बसून दात बसवी. धाकटा त्याच्या हाताखाली शिकत होता. त्या दिवशी एका म्हातारीची कवळी धाकट्याने मोठी केली आणि थोरल्याने ती म्हातारीच्या देखत कचऱ्यात टाकली. म्हातारी गेल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, या घरात तुझ्याशिवाय कुणाला तोंड उघडायची सोय नाही." दादा म्हणाला, "मग तुझं तोंड घेऊन दुसरीकडे जा." आवाज कुणाचाच चढला नव्हता, म्हणूनच तिने खरवडणं थांबवलं. दिवेलागणीच्या आत धाकटा गेला. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

मूलबाळ नव्हतं. घर रिकामं झालं ते झालंच. पुढे डोळे अधू झाले, कवळ्यांचं काम सुटलं आणि ह्याने पुढच्या खोलीत पलंगाएवढी काचेची टाकी आणून ठेवली. लोक टाकीत रंगीत खडे घालतात, प्लास्टिकचा पाणबुड्या सोडतात. ह्याने काळी वाळू घातली, एक वाकडं मूळ आडवं टाकलं, त्याला शेवाळ बांधलं आणि दिवा इतका मंद लावला की पाहुण्यांना वाटे, वीज जायच्या बेतात आहे. "माणूस जन्मायच्या आधीचं पाणी आहे हे," तो सांगे. ती म्हणे, म्हणूनच इतकं शांत आहे.

मासेही तसलेच, करोडो वर्षांत ज्यांनी आपला ढंग बदलला नाही असे. पहिला आला तो बिचिर. मातकट, पाठीवर करवतीसारखी छोट्या शिडांची रांग, पंखांवर रांगत चालणारा. त्याला कल्ल्यांबरोबर फुप्फुसंही असतात. मधूनच वर येऊन तो हवेचा घोट घेई आणि पुन्हा तळाशी जाई. त्याचं नाव आजोबा पडलं. त्याच्यासाठी पाण्यावर चार बोटं जागा मोकळी ठेवावी लागे. काठोकाठ भरलं तर मासा असून बुडून मरेल, म्हणे.

आजोबांना सोबत शोधायला नवऱ्याने दुकानाच्या इतक्या खेपा घातल्या की दुकानवाली एकदा म्हणाली, "काका, मासे घेताय की सोयरीक जमवताय?" तो तोंडं बघायचा. पिटुकल्या चमकत्या माशांना म्हणाला, हा शेजार नव्हे, हा नाश्ता. पट्ट्यापट्ट्यांचे चपळ मासे शेपट्या कुरतडतात, म्हणून नको. काच चाटणारा मासा नको, कारण तो झोपलेल्या माशाच्या अंगावरचा चिकटा चाटत बसतो. त्याचा नियम एकच होता. ज्याच्या तोंडात जे मावतं, ते एक दिवस तिथे जातं. शेवटी दोन दोरमासे पसंत पडले, दोरीसारखे लांब, करंगळीएवढे जाड, गोगलगायीसारखे सुस्त. ते मुळाखाली आजोबांना बिलगून झोपत. त्यांच्याकडे बघताना नवऱ्याचा चेहरा असा निवे, की तिला त्या माशांचा थोडा हेवाच वाटे.

आणि एक दिवस धाकटा दारात उभा राहिला. बायको वारलेली, केस पिकलेले. एका हातात बॅग, दुसऱ्यात पाण्याने फुगलेली पिशवी. "वहिनी, दादाला जुने मासे आवडतात असं कळलं." पिशवीत गार नावाचा मासा होता. बोटभर, पेन्सिलीसारखा, लांब चोचीचा.

नवऱ्याने दोऱ्याने त्याची चोच मोजली, दोरमाशाच्या अंगाशी ताडून पाहिली आणि म्हणाला, मावत नाही. दुकानवालीने बजावलं होतं की हा हातभर वाढतो, मोठ्या माशांनाही गिळतो. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती समजली. एकदा ज्याला तोंड घेऊन जा म्हटलं, त्याचा मासा परत कसा करणार? शिवाय आयुष्यभर त्याने मापली ती प्लास्टरची तोंडं. मागच्या खोलीच्या फळीवर त्यांची रांग होती, वर्षानुवर्षं तेवढ्याच मापाची. त्याच खोलीत धाकट्याची गादी पडली. "वहिनी, हे सगळे माझ्याकडे बघून हसतात," तो म्हणाला. ती हसली. पण झाडायला गेली की त्या फळीकडे पाठ करायची.

गार वाढला. दिव्याखाली ओंडक्यासारखा निश्चल तरंगायचा. फक्त डोळा फिरे. एका सकाळी एक दोरमासा दिसेना. हे मासे फटीतून निसटतात, म्हणून तिघांनी कपाटांखाली, पायपुसण्याखाली शोधलं. नवऱ्याने झाकणाची फट स्पंजाने बुजवली. मग दुसराही गेला. फट तर बंद होती. जेवताना वाढ, पुरे, एवढंच ऐकू येई. नवऱ्याची छाती हल्ली वाजे, जन्मभर प्लास्टरची धूळ गिळलेली. ती स्वयंपाकघरातून ती शीळ ऐके, टाकीतला आजोबांचा घोट ऐके, आणि धाकटा आता बॅग कधी भरतो या धास्तीत राही. पुन्हा गेला, तर या वयात तो परत येणार नव्हता.

मग आजोबांच्या शेपटीवर खुणा दिसल्या. सुईने टाके घालावेत तशी रांग. नवऱ्याने चष्मा लावला, काचेला नाक टेकवलं. चावा कुणाचा, वरच्या जबड्याचा की खालच्या, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मागे धाकटा उभा होता. तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"मी त्याला घेऊन जातो, दादा," धाकटा म्हणाला. कुठे, ते तो बोलला नाही.

नवऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माप माझं चुकलं," तो म्हणाला. "बंद तोंडाचं घेतलं मी. उघडल्यावर किती होतं, ते बघितलंच नाही." श्वास घ्यायला थांबला. "कुणी कुठे जायचं नाही. मधे काच घालू. मोठ्या टाकीचं नंतर बघू."

त्याने दोऱ्याने टाकीची रुंदी आणि उंची घेतली, गाठी मारल्या, दोरा नेहमीसारखा तर्जनीला गुंडाळला. जुनी चादर बगलेत घेतली. धाकटा येतो म्हणाला, तर त्याला म्हणाला, तू आजोबांवर लक्ष ठेव. त्या आठवड्याअखेर नवरा या जगात असणार नव्हता, पण निघाला तो रोजच्यासारखाच, एक चप्पल घासत. काचवाल्याने दोनदा विचारलं तरी माप तोंडी सांगितलं नाही, दोराच पुढे केला. दुकानवालीकडून कोळंबी घेतली. ती म्हणाली, सोयरीक मोडली वाटतं, तर म्हणाला, नाही, वेगळी चूल मांडतोय. कोपऱ्यावर कठड्याला धरून उभा राहिला, छाती वाजायची थांबेपर्यंत.

ती खिडकीतून बघत होती. धाकटा न सांगताच खाली उतरला आणि चादरीत गुंडाळलेल्या काचेचं दुसरं टोक त्याने धरलं.

"पुढे तू हो," नवरा म्हणाला. "वळण आलं की मी सांगतो."

दोघे जिना चढले. काच टाकीच्या मधोमध अचूक बसली. पाणी हललं, गार हलला नाही. आजोबा वर आले, घोट घेऊन खाली गेले. नवऱ्याने हात पुसले, वर चार बोटं मोजून पाहिली, दोरा सोडवून डबीत ठेवला आणि खुर्चीत टेकत म्हणाला, "चहा टाक गं. तिघांचा."